हरित युगाचे बिल कोणाच्या नावावर?

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने 'कार्बन सीमा समायोजन यंत्रणा' अशा भारदस्त नावाखाली एका नव्या जकातीचा प्रत्यक्ष अंमल सुरू केला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या सहा गोष्टी बाहेरून युरोपात नेताना, त्या तयार होत असताना हवेत किती कार्बन वायू सोडला गेला याचा हिशोब आता द्यावा लागतो. त्या प्रमाणात प्रमाणपत्रे विकत घेण्याची सक्ती तेथील आयातदारावर आहे. त्यांची किंमत ठरते युरोपातील कार्बन बाजारातील दरावर. मात्र तो भुर्दंड शेवटी कोणाच्या पदरी पडणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. आयातदार तेवढी रक्कम भारतातील पुरवठादाराच्या भावातून कापून घेईल. किंवा त्याला सोडून दुसरा गाठेल.

या यादीत केवळ अजस्र पोलाद कारखान्यांचा माल नाही, नट-बोल्ट आणि स्क्रूसुद्धा आहेत. दहा-वीस कामगारांच्या बळावर चालणाऱ्या एखाद्या कारखानदाराने आपल्या प्रत्येक टन मालामागे किती वायू निर्माण झाला याची आकडेमोड युरोपीय नमुन्यात मांडायची, ती मान्यताप्राप्त तपासनिसाकडून प्रमाणित करून घ्यायची, आणि मगच दारात उभे राहायचे. जमा होणारा पैसा जाणार युरोपच्या तिजोरीत. ज्या भारतीय कारखान्याची भट्टी बदलावी असा हा सारा आग्रह, ती बदलण्यासाठी त्यातील एक रुपयाही राखून ठेवलेला नाही. पृथ्वी वाचविण्याच्या या यज्ञात समिधा एकाच्या आणि पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर, असा हा प्रकार आहे.

वसुंधरा तापते आहे, हे खरे आहे. ऋतुचक्र बिघडले आहे, अवकाळी पाऊस आणि गारपीट मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्याचे हातातोंडाशी आलेले पीक हिरावून नेत आहेत, हेही खरे आहे. कोळसा आणि तेल यांच्यावरचे अवलंबन जगाला कमी करावे लागेल, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. बदल व्हायलाच हवा. प्रश्न आहे तो या बदलाचा खर्च कोणी सोसायचा, हा.

दीडशे वर्षांचा जमाखर्च

लंडनमधील हॉलबर्न व्हायाडक्ट येथे कोळशावर चालणारे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले ते १८८२ साली. ब्रिटनमधील अखेरचे कोळसा वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, बंद झाले ते ३० सप्टेंबर २०२४ रोजी. म्हणजे तब्बल १४२ वर्षे त्या देशाने कोळशावर वीज केली. त्या विजेवर कारखाने उभारले, घरे उबदार ठेवली, विद्यापीठे आणि इस्पितळे बांधली. कोळशाच्या पैशाने श्रीमंती आली, आणि श्रीमंती आल्यावर कोळसा सोडणे परवडू लागले. ब्रिटनने कोळसा सोडला याचे कौतुक जरूर व्हावे. पण जेवण आटोपून ढेकर दिल्यावर उपवासाचे माहात्म्य सांगणाऱ्याने समोरच्या उपाशी माणसाचे ताट ओढून घ्यावे, हे कोणत्या नीतिशास्त्रात बसते?

आकडे बोलके आहेत. औद्योगिक क्रांतीपासून आजवर मानवाने हवेत सोडलेल्या कार्बन वायूपैकी जवळपास एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. ब्रिटन धरून युरोपीय संघातील देशांचा वाटा एक पंचमांशाहून अधिक आहे. जगाच्या लोकसंख्येत सतरा-अठरा टक्के असलेल्या भारताचा वाटा जेमतेम तीन-साडेतीन टक्के. आजही सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन वायूला कारणीभूत ठरतो. सरासरी अमेरिकन माणूस सुमारे चौदा टनांना. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे. म्हणजे भारतीय माणूस जगाच्या सरासरीच्या निम्म्यालाही पोहोचलेला नाही.

या हिशोबाला उत्तर म्हणून एक वाक्य नेहमी तोंडावर फेकले जाते: भारत हा जगातील तिसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक देश आहे. वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. दहा माणसांच्या कुटुंबात रोज वीस भाकऱ्या लागतात आणि शेजारच्या बंगल्यातील दोघे मिळून दहा भाकऱ्या खातात, म्हणून दहा माणसांच्या घराला खादाड ठरविण्यासारखाच हा युक्तिवाद आहे. वातावरण ही साऱ्या मानवजातीची समाईक मालमत्ता असेल, तर तिचा हिशोब डोक्यागणिकच व्हायला हवा.

आश्वासनांची पानगळ

१९९२ साली रिओ येथे झालेल्या वसुंधरा परिषदेत जगातील राष्ट्रांनी एक तत्त्व मान्य केले होते. जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाची निराळी. आणि ती ज्याच्या-त्याच्या कुवतीनुसार. त्या तत्त्वाचे पुढे काय झाले? १९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत राष्ट्रांवर वायुकपातीचे बंधन घातले. अमेरिकेने २००१ मध्ये त्या कराराकडे पाठ फिरविली. कॅनडाने २०११ मध्ये अंग काढून घेण्याची घोषणा केली. २०१५ च्या पॅरिस करारातून अमेरिका एकदा २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. जागतिक करार म्हणजे जणू धर्मशाळा. वाटेल तेव्हा यावे, वाटेल तेव्हा जावे. विकसनशील राष्ट्रांनी मात्र आपल्या प्रत्येक शब्दाला जागले पाहिजे, अशी अपेक्षा!

पैशाची कथा याहून उद्बोधक आहे. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते पुरे झाल्याचे त्यांच्याच हिशोबाने जाहीर झाले २०२२ या वर्षासाठी, म्हणजे दोन वर्षे उशिराने. आणि त्यातील मोठा भाग होता कर्जाचा. ज्याने आग लावली त्याने पाण्याची बादली उसनवार द्यायची, तीही व्याजाने, आणि वर तिला मदत म्हणायचे!

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलर. विकसनशील राष्ट्रांची मागणी होती तेराशे अब्जांची. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्या सभागृहात, ठराव संमत झाल्याचा हातोडा पडल्यावरही, उभे राहून हा दस्तऐवज म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम असल्याचे सुनावले. राजनैतिक सभ्यतेच्या गुळगुळीत भाषेत असे शब्द सहसा वापरले जात नाहीत. ते वापरावे लागले, यातच सारे आले.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथे 'न्याय्य ऊर्जा संक्रमणा'चा आदर्श नमुना म्हणून त्या देशाला साडेआठ अब्ज डॉलर देण्याची घोषणा मोठ्या गाजावाजाने झाली. त्यातील खरेखुरे अनुदान शेकडा पाचाहूनही कमी. उरलेले मुख्यतः कर्ज आणि हमी. तेथील कोमाती वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने या भागीदारीतून माघार घेतली. केंद्र बंद करून दाखविणे सोपे असते. त्याभोवती जगणाऱ्या गावाला दुसरा व्यवसाय देणे अवघड असते.

आपला तो बाब्या

युरोप स्वतःच्या घरात कसा वागतो? २०२२ मध्ये रशियाचा वायुपुरवठा आटला, तेव्हा जर्मनीने राखीव ठेवलेली कोळसा केंद्रे पुन्हा पेटविली. जानेवारी २०२३ मध्ये तपकिरी कोळशाच्या खाणीसाठी ल्युत्सेराट हे खेडे पोलीस बंदोबस्तात रिकामे करून जमीनदोस्त केले गेले. त्याआधी सहाच महिने, जुलै २०२२ मध्ये, युरोपीय संसदेने नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जा यांतील गुंतवणुकीला ठरावीक अटींवर 'हरित' यादीत स्थान दिले होते. आणि त्याच्याही आधी ग्लासगोत अनेक श्रीमंत राष्ट्रांनी शपथ घेतली होती, की परदेशातील कोळसा, तेल आणि वायू प्रकल्पांना सरकारी पैसा देणार नाही! म्हणजे वायू युरोपात जळला तर हिरवा, आफ्रिकेत जळला तर काळा. त्याच ग्लासगो परिषदेत भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी कोळसा 'संपविण्या'ऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी करण्या'चा शब्द सुचविला, तेव्हा पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारताला खलनायक ठरविले होते. कोळशाविषयी बोलणारे तेलाविषयी मौन का पाळतात, हे विचारण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

याच जर्मनीकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. कोळसा सोडण्याचा कायदा त्या देशाने २०२० मध्ये केला, त्याबरोबर कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांसाठी २०३८ पर्यंत चाळीस अब्ज युरोंची तरतूद केली. रूर खोऱ्यातील बोट्रॉप येथील अखेरची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, ती सुमारे दशकभर आधी आखलेल्या योजनेनुसार. खाणीच्या कामगाराला वाऱ्यावर सोडायचे नाही, हे तेथे सर्वपक्षीय सूत्र होते. स्वतःच्या कामगाराला न्याय कसा द्यायचा, हे युरोपला उत्तम ठाऊक आहे. तोच न्याय झरिया किंवा चंद्रपूरच्या कामगारालाही लागू होतो, एवढेच तेवढे ठाऊक नाही.

आणि जेथे हे सूत्र विसरले गेले, तेथे काय झाले? फ्रान्समध्ये २०१८ साली पर्यावरणाच्या नावाने इंधनावरील कर वाढविण्याचे ठरले. पॅरिसमध्ये भुयारी रेल्वेने फिरणाऱ्याला त्याची झळ नव्हती. लहान गावातून रोज जुन्या गाडीने कामाला जाणारा माणूस त्यात होरपळणार होता. तो पिवळे जाकीट घालून रस्त्यावर उतरला आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. न्यायाविना लादलेला हरित विचार युरोपच्या गरिबालाही मान्य होत नाही.

दिव्याखालचा अंधार

येथवरची मांडणी वाचताना भारतीय वाचकाची मान अभिमानाने डोलत असेल, तर तिला येथे थोडे थांबवावे लागेल. २००७ साली ग्रीनपीस या संस्थेच्या भारतीय शाखेने एक अहवाल काढला होता. 'गरिबांच्या आड लपणे' असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. भारतातील धनिक वर्ग स्वतःची उधळपट्टी कोट्यवधी गरिबांच्या सरासरीत झाकून ठेवतो, असा त्यातला आरोप होता. आरोप करणाऱ्या संस्थेविषयी अनेकांची मते तीव्र आहेत. परंतु आरोप कोणी केला यावर त्याचे खरेखोटेपण ठरत नसते. डोक्यामागे दोन टन ही सरासरी ज्याच्यामुळे इतकी कमी राहते, तो वातानुकूलित घरात राहणारा, वर्षातून चार वेळा विमानाने फिरणारा भारतीय नव्हे. ती कमी राहते मेळघाटातील कोरकूमुळे, ऊसतोडणीच्या टोळीमुळे, एसटीच्या थांब्यावर तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसामुळे. त्याच्या काटकसरीचा दाखला जागतिक व्यासपीठावर द्यायचा असेल, तर न्यायाचा पहिला घासही त्याच्याच ताटात पडला पाहिजे. तो पडतो का?

चंद्रपूरचे उदाहरण घ्यावे. २९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीजकेंद्र, सभोवती वेकोलिच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. येथील वीज वाहून नेण्यासाठी चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ मध्ये उभी राहिली. उजेड पश्चिमेकडे गेला. राख, धूळ आणि दमा पूर्वेला राहिला. दिव्याखाली अंधार या म्हणीचा याहून शब्दशः अर्थ शोधूनही सापडणार नाही. उद्या याच मुंबई-पुण्याने 'आम्हांला आता स्वच्छ वीज हवी' असे म्हणून कोळशाकडे पाठ फिरविली, तर चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी येथील माणसाने काय करायचे? धूर त्याने सोसला, आता बेकारीही त्यानेच सोसायची?

कोल इंडियाच्या कायम कामगारांची संख्या या शतकाच्या आरंभी पाच लाखांहून अधिक होती. आज ती सव्वादोन लाखांच्या आसपास आली आहे. त्याच काळात कोळसा उत्पादन मात्र वाढतच गेले. २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन शंभर कोटी टनांच्या पुढे पोहोचले. हे काम कोणी केले? यंत्रांनी, आणि कंत्राटी मजुरांनी. कायम कामगाराला निवृत्तिवेतन आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, संघटना आहे. कंत्राटी डंपरचालकाला, लोडिंगवर काम करणाऱ्या मजुराला, खाणीच्या फाटकापाशी चहाची टपरी चालविणाऱ्या बाईला यांपैकी काहीच नाही. खाण बंद होईल त्या दिवशी नुकसानभरपाईच्या यादीत त्यांचे नावसुद्धा नसेल. ज्यांची नावे कोणत्याही मस्टरवर नाहीत, त्यांचे पुनर्वसन कोणत्या कागदावर होणार?

पैसा नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे पन्नास रुपये उपकर बसविला, तो स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारण्याकरिता. २०१६ पर्यंत तो चारशे रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्दच झाला. जमा झालेल्या रकमेचा मोठा वाटा ठरलेल्या कामापर्यंत पोहोचलाच नाही. त्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली-गेली. दोष कोणा एकाचा नाही. परंतु युरोपच्या जकातीचा पैसा युरोपच्या तिजोरीत जातो म्हणून आवाज उठविणाऱ्याने, आपल्या कोळशाचा उपकर कोळसा पट्ट्यात का पोहोचला नाही, हेही तितक्याच मोठ्या आवाजात विचारले पाहिजे.

'पडीक' जमिनीचे वारसदार

कोळशाची जागा सूर्य घेणार, हे निश्चित. जुलै २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. ही अभिमानास्पद कामगिरी आहे. परंतु सूर्य फुकट असला तरी त्याचे पत्रे अंथरायला जमीन लागते, आणि ती कोणाची तरी असते.

कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यात पावगडा येथे सुमारे तेरा हजार एकरांवर दोन हजार मेगावॅटहून मोठा सौर प्रकल्प उभा आहे. तेथे जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली. सुरुवातीला एकरी वर्षाला एकवीस हजार रुपये आणि ठरावीक काळाने वाढ. सतत दुष्काळ भोगणाऱ्या शेतकऱ्याला खात्रीचे उत्पन्न मिळाले आणि सातबाराही त्याच्याच नावावर राहिला. सक्तीच्या संपादनापेक्षा ही पद्धत शतपटीने चांगली. परंतु ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो त्या शेतावर मजुरीला जात होता किंवा त्या माळावर मेंढरे चारत होता, त्याला भाडे कोण देणार? जमीनदाराला भाडे आणि भूमिहीनाला स्थलांतर, हा निवाडा न्याय्य म्हणता येणार नाही.

राजस्थानात प्रश्न आणखी वेगळा आहे. जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटातील 'ओरण' म्हणजे महाराष्ट्रातील देवराईचीच बहीण. देवाच्या नावाने राखलेली राने. तेथे झाड तोडायचे नाही, पण गुरे चारायला गावाला मुभा. इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेला ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती जमीन 'पडीक' दिसे. इंग्रज गेला, त्याचे दप्तर राहिले. त्या दप्तराच्या आधारे अनेक ओरण पडीक ठरले आणि तेथे सौर व पवन प्रकल्पांच्या तारा पोहोचल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा देवराया मोजून, नकाशावर आणून त्यांना वनाचे संरक्षण देण्याचा आदेश द्यावा लागला. ज्या मारवाडात १७३० साली खेजडीच्या झाडांसाठी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिल्याची परंपरा अभिमानाने सांगितली जाते, त्याच प्रदेशात पर्यावरणरक्षणाच्या नावाने खेजडी तोडली जावी, याहून मोठा विपर्यास तो कोणता?

महाराष्ट्रालाही यातून बोध घ्यायचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी आहे. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून मोटार सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचे मोल फार मोठे आहे. खासगी जमिनीला तिच्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्याची सोय आहे. परंतु याच योजनेत सरकारी आणि गायरान जमिनीही घेतल्या जातात. मराठवाड्यातील गायरान म्हणजे नुसते गवत नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिलेल्या मागास समाजातील अनेक कुटुंबे ते कसून पोट भरतात, आणि १९९१ च्या शासननिर्णयाने त्यांतील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे तत्त्व मान्यही झालेले आहे. नियमित होण्याची फाईल तहसील कचेरीत धूळ खात पडावी आणि सौर पत्र्याची फाईल मात्र वाऱ्याच्या वेगाने सरकावी, असे एका जरी गावात घडले, तरी ते साऱ्या योजनेच्या पुण्याईला बट्टा लावणारे ठरेल.

गच्ची कोणाला असते?

शहरी मध्यमवर्गानेही क्षणभर आरशात पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छतावर सौरसंच बसविणाऱ्याला अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना उत्तम आहे. पण छत कोणाला असते? चाळीतील भाडेकरूला नसते. झोपडपट्टीतील पत्र्याच्या खोलीला असले तरी त्यावर हक्काचा कागद नसतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेवरील मोटारींना टोलमाफी दिली. ती मोटार विकत घेण्याची ऐपत कोणाची असते? स्वच्छ वाहनाला उत्तेजन मिळावे, यात वाद नाही. मात्र सवलतींचा ओघ ज्याच्यापाशी आधीच काही आहे त्याच्याच अंगणात वाहत राहिला, तर हरित युग म्हणजे जुन्या विषमतेला दिलेला हिरवा रंग ठरेल.

असे होणे अपरिहार्य नाही, हे याच देशाने दाखवून दिले आहे. २०१५ पासून 'उजाला' योजनेत छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत जो दिवा ३१० रुपयांना पडत होता, तो एकत्रित खरेदीमुळे दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. विजेची बचत झाली, आणि ती गरिबाच्या बिलातून सुरू झाली. १ मे २०१६ रोजी बलिया येथून निघालेल्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक घरांत गॅसजोडणी पोहोचविली. गॅस हेही जीवाश्म इंधनच. कार्बनच्या कोरड्या हिशोबात तो कदाचित वजाबाकीच्या रकान्यात बसेल. चुलीच्या धुराने डोळे गमावणाऱ्या माउलीच्या हिशोबात तो शंभर टक्के पुण्याच्या रकान्यात बसतो. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून तीन हजारांहून अधिक कष्टकऱ्यांना ओळखपत्र, हक्काचे काम आणि मान मिळवून दिला. पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण हे शब्द परिसंवादांत रूढ होण्याआधीपासून या महिला उकिरड्यावर वाकून तेच काम करीत होत्या. या तिन्ही उदाहरणांत एक सूत्र समान आहे. सुरुवात शेवटच्या माणसापासून झाली.

मापदंड एकच हवा

म्हणूनच मागण्या दोन्ही दिशांनी केल्या पाहिजेत, आणि त्या नेमक्या असल्या पाहिजेत. बाहेरच्या जगाला सांगायचे ते असे: सीमेवर गोळा केलेला कार्बनचा पैसा ज्या देशाच्या मालावर घेतला, त्या देशातील कारखाने सुधारण्यासाठी परत आला पाहिजे, आणि मदत म्हणून दिलेले कर्ज हे कर्जच म्हणून मोजले पाहिजे. स्वतःच्या घरात सांगायचे ते असे: कोणतीही खाण किंवा औष्णिक केंद्र बंद करण्याच्या किमान दहा वर्षे आधी त्या तालुक्याचा आराखडा जाहीर व्हावा, आणि त्यात कंत्राटी मजुराचे व टपरीवाल्याचे नाव असावे. २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा पैसा रस्ते-कमानींवर न उधळता खाणग्रस्तांच्या पुढच्या पिढीच्या रोजगारावर लागावा. सौर प्रकल्पाच्या भाड्यात गावातील भूमिहीनांचा वाटा कराराने निश्चित व्हावा. गायरानावर संच उभारण्याआधी तेथील कसणाऱ्यांच्या हक्काचा निकाल लागावा. ज्याला छत नाही त्याला दूरच्या सौर प्रकल्पात हिस्सा घेऊन बिल कमी करण्याची सोय मिळावी.

यांतील बऱ्याच गोष्टींसाठी दिल्ली-मुंबईची वाट पाहण्याचेही कारण नाही. गायरानाचा ठराव ग्रामसभेत येतो, तेव्हा पालावरच्या आणि वस्तीवरच्या माणसाला तेथे आणून बसविणे गावात काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला शक्य आहे. खाण परिसरातील कंत्राटी मजुराच्या भविष्य निर्वाह निधीचा कागद तपासून देणे शक्य आहे. गच्चीवर सौरसंच बसविणाऱ्या गृहनिर्माण संस्थेला, बिलात वाचलेल्या पैशातून आपल्या रखवालदाराचा आणि सफाई करणाऱ्या ताईंचा पगार वाढविणे शक्य आहे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करून देणे तर प्रत्येक घराला शक्य आहे. त्यासाठी ना अनुदान लागते, ना आंतरराष्ट्रीय परिषद.

जगाच्या व्यासपीठावर भारताचा युक्तिवाद आज निःसंशय सत्याचा आहे. ज्याने कमी वापरले त्याच्यावर जास्त भार टाकू नका, असे भारत म्हणतो. हे वाक्य ब्रुसेल्सला ऐकवताना जितके खरे असेल, तितकेच ते चंद्रपुरात, पावगड्यात आणि मराठवाड्याच्या गायरानावरही खरे ठरले पाहिजे. तेथे ते खोटे ठरले, तर बाकूत उठविलेला आवाज कितीही खणखणीत असला तरी पोकळच वाजेल. ते खरे ठरले, तर युरोपच्या कोणत्याही जकातदाराला या देशाच्या डोळ्याला डोळा भिडविण्यापूर्वी दहादा विचार करावा लागेल.